फोन कामासाठीच उचलला होता! तुमचे अनुभव सांगा

मी घरून भाषांतराचं काम करते, मराठीतून इंग्रजीत. शब्द अडला की मोल्सवर्थचा कोश उघडते. त्याची १८५७ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येते. परवा 'वळचण' अडली. फोन उचलला, वरच बहिणीचा मेसेज होता, तिने पाठवलेलं रील उघडलं, त्याखालचं दुसरं लागलं... फोन खाली ठेवला तेव्हा चहावर साय धरली होती. पाऊण तास गेला आणि वळचण तशीच राहिली.

याला नुसता आळस म्हणायला मी तयार नाही. पूर्वी पान संपलं की माणूस उठायचा. २००६मध्ये अझा रास्किन या संगणक-डिझायनरने खाली सरकवत राहिलं तरी न संपणारं पान तयार केलं, आणि पुढे त्याबद्दल त्यांनीच जाहीर खंत व्यक्त केली. ज्यावर पोट चालतं त्याच यंत्रात वेळही जातो. तुम्ही कशी वाट काढता? जमलं नसेल तर तेही लिहा.

स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, पुणे

सदाशिव पेठेत अभ्यासिकेत बसतो. चालू घडामोडींच्या पीडीएफ, सराव प्रश्न, जाहिरात निघाल्याची बातमी, सगळं टेलिग्रामवर येतं. फोन बंद केला की काहीतरी सुटेल अशी धाकधूक लागते. राज्यशास्त्राचं लेक्चर लावलं की बाजूला टॉपरच्या मुलाखती दिसतात. त्या बघताना अभ्यासच चाललाय असं वाटतं, आणि मला तेच जास्त घातक वाटतं. आता आम्ही तिघं एकमेकांचे फोन आपापल्या सॅकमध्ये ठेवतो. परत मागायचा तर कारण सांगावं लागतं. 'कलम २४३ बघायचंय' म्हटलं की मित्र न बोलता पुस्तक पुढे सरकवतो.

जिल्हा परिषद शाळेतली शिक्षिका

ताई, माझं दुखणं वेगळं आहे. मला रील बघायला वेळच नाही. कामाचेच ११ ग्रुप आहेत. पोषण आहाराची नोंद, हजेरी, कुठल्यातरी कार्यक्रमाचे फोटो, आणि प्रत्येकापुढे 'तात्काळ' लिहिलेलं. दुसरीच्या मुलांना हातच्याची बेरीज शिकवत होते. फोन थरथरला, मी खडू ठेवून माहिती भरायला लागले. पुढच्या रांगेतली एक पोरगी म्हणाली, "बाई, आधी तुमचं होऊ द्या." ती समजूतदारपणेच बोलली, पण ते वाक्य अजून काळजात रुतून आहे.

नोटिफिकेशन बंद करा, हे सांगणाऱ्यांना वरून येणारा फोन घ्यावा लागत नाही. सध्या मी मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावरच माहिती भरते, आणि तसं केंद्रप्रमुखांना सांगून ठेवलंय. त्यांनी समजून घेतलं. सगळ्यांनाच असे केंद्रप्रमुख मिळतील असं नाही.

ब्लाउज शिवून देणारी, नाशिक

व्हॉट्सॲप बिझनेसवर 'दुपारी ४ ते ६ उत्तर मिळेल' असा आपोआप जाणारा मेसेज लावलाय. दोन गिऱ्हाइकं तुटली. पण आता मापं चुकत नाहीत.

सासर कडेगाव तालुक्यात, राहणं पिंपरीत

आमच्या तालुक्यातल्या (जिल्हा सांगली) मोहित्यांचे वडगाव इथे २०२२पासून संध्याकाळी ७ला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद राहतात. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी पोरांच्या हाती फोन आले, ते नंतर सुटेनात, म्हणून गावाने हे ठरवलं. शहरात भोंगा कोण वाजवणार? आम्ही देवापुढे दिवा लावला की सगळ्यांचे फोन हॉलमधल्या फडताळावर ठेवतो, मामंजींचाही. पहिला आठवडा नुसती कुरबुर चालली. मग मामंजींनी पत्ते काढले आणि नातवाला झब्बू शिकवला. साडेआठ जवळ आले की पोरगा अजून घड्याळ बघतो, ते काही गेलेलं नाही.

धागा काढणारी

बाई, तुमच्या वर्गातली ती मुलगी दिवसभर डोळ्यांपुढून हलली नाही.

माझ्याकडून एवढंच: अडलेले शब्द आता वहीत लिहून ठेवते आणि दुपारी लॅपटॉपवर एकदम बघते. काल १७ शब्द होते, २२ मिनिटं लागली. वळचण त्यात पहिलीच होती.