रायझन ५६०० ला १.३५ व्होल्ट फिक्स ठेवलं तर चालेल का?

नागपूरकर_पीसी
भाऊ लोकं, एक मदत पाहिजे. एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर आहे, बी४५० मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३२०० रॅम स्टिक, कूलर बॉक्समधलाच. काल बायोसमध्ये सगळ्या कोअरला ४.६ गिगाहर्ट्झ आणि १.३५ व्होल्ट फिक्स केलं, सिनेबेंच (प्रोसेसरवर फुल लोड टाकणारी टेस्ट) लावलं तर चार मिनिटांत ९० डिग्री, मग मीच बंद केलं. ओळखीचा एक जण म्हणतो १.३५ ने चिप खराब होईल. पण ऑटोवर नुसतं ब्राउझर उघडलं तरी एचडब्ल्यूइन्फोमध्ये (तापमान, व्होल्टेज दाखवणारं सॉफ्टवेअर) १.४२ दिसतं, मग ते कसं चालतं? आणि रॅम ३६०० ला न्यायची आहे, तिचं व्होल्टेज १.३५ चं १.४५ करू का?

सोल्डरगन
तुझा मित्र बरोबर बोलतोय. १.४२ दिसतं तेव्हा एखाददुसरा कोअर क्षणभर बूस्ट होत असतो, करंट अगदी कमी असतो. सगळे सहा कोअर लोडवर आले की चिप स्वतःच व्होल्टेज खाली आणते, ऑटोवर सिनेबेंच लावून तो आकडा बघ, १.२ च्या आसपास येईल. तू फिक्स केलंस म्हणजे ही सोयच बंद केलीस, आता फुल लोडलाही १.३५ आणि वर ९० डिग्री. चिपची झीज होते ती व्होल्टेज, करंट आणि उष्णता तिन्ही एकत्र आल्यावर, त्यामुळे नुसता आकडा विचारून काही कळत नाही. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, १.२ चं १.३५ केलं की त्याच क्लॉकला सव्वापट उष्णता, आणि तो छोटा कूलर ६५ वॉटच्या चिपसाठी दिलेला आहे रे.
फिक्स काढ. बायोसच्या पीबीओमध्ये (एएमडीचं ऑटो ओव्हरक्लॉक सेटिंग) कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) निगेटिव्ह १५ पासून सुरू कर, व्होल्टेज कमी होतं आणि क्लॉक बहुतेक वाढतोच.

मे_महिना_४५
रॅमचं मी सांगतो. डीडीआर४ चं मूळ व्होल्टेज १.२ आणि एक्सएमपीचं (रॅमचं तयार जास्त स्पीडचं प्रोफाइल) बहुतेक १.३५, म्हणजे तू आधीच वर आहेस. १.४ पर्यंत बहुतेक स्टिक चालतात, १.४५ मी फक्त सॅमसंग बी-डायला (जास्त व्होल्टेज सहन करणारी रॅम चिप) देईन, तुझ्या स्टिकवर कोणती चिप आहे ते थायफून बर्नर सॉफ्टवेअरने बघ आधी. बी-डायलाही ४५-५० डिग्रीच्या वर गेल्यावर एरर यायला लागतात, आणि मे महिन्यात आपल्याकडे खोलीच ४० ला असते, म्हणून टेस्ट दुपारी कर, रात्री पास झालेली सेटिंग माझी दुपारी तीनला फेल झाली होती.
एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाचं) ऑटोवर सोडू नको, एक्सएमपी लावल्यावर काही बोर्ड ते गुपचूप वाढवतात. १.१ टाक, १.२ च्या वर जाऊच नको. रायझन ७००० च्या काही चिप जळाल्या ना २०२३ मध्ये, त्यानंतर एएमडीने एसओसीला १.३ ची मर्यादा घातली होती.

जुनी_चिप
मी हेच केलं होतं. आधीच्या सहा कोअरच्या चिपला १.४ फिक्स, दीड वर्ष मस्त चाललं, मग एक दिवस गेम बंद पडायला लागला. ४.३ चं ४.२, मग ४.१, शेवटी स्टॉकवर (कंपनीच्या मूळ सेटिंगवर) पण व्होल्टेज थोडं वाढवल्याशिवाय विंडोज सुरू होईना. जळल्याचा वास वगैरे काही नाही, हळूहळूच होतं, म्हणून आधी कळतच नाही. आणि रॅमच्या एररने माझे दोन वर्षांचे फोटो करप्ट झाले, बॅकअप नव्हता. मेमटेस्ट (रॅमच्या एरर शोधणारी टेस्ट) रात्रभर चालव, प्लीज.

नागपूरकर_पीसी
सगळ्यांचे मनापासून आभार. फिक्स काढलं. ऑटोवर फुल लोडला खरंच १.२१ दिसलं. निगेटिव्ह १५ वर सिनेबेंच ७९ डिग्री आणि क्लॉक ४.४, पण कोअरसायकलरमध्ये (एकेक कोअर तपासणारी टेस्ट) तिसऱ्या कोअरला एरर आली म्हणून त्या एकट्याला निगेटिव्ह ८ केलं, आता सहा तास झाले, शांत आहे. स्टिक बी-डाय नाहीत, म्हणून ३६०० ला १.३८ वर ठेवतोय, एसओसी १.१. उद्या दुपारी कूलर बंद करून टेस्ट लावतो.

मे_महिना_४५
खोलीतला कूलर म्हणतोयस ना? 😄 प्रोसेसरचा नको बंद करू. बाकी एकदम बरोबर, दुपारचा रिझल्ट नक्की टाक.