विषय: कणीक कुणाकडे आहे का? (आणि त्यावरून सुरू झालेलं सगळं)

प्रेषक: रीडिंगच्या वहिनी
शुक्रवार, २७ मार्च २०२०

नमस्कार इंग्लंडमधल्या मराठी मंडळी,

परवा पाडव्याला श्रीखंड-पुरी केली आणि कणकेच्या डब्याचा तळ दिसला. कोरोनाच्या या टाळेबंदीत आज सकाळी सुपरमार्केटात पिठाच्या फळीवर काय होतं म्हणाल तर सेल्फ-रेझिंग मैद्याच्या दोन-चार पिशव्या आणि एक ग्लुटेन-फ्री. यीस्टच्या जागी नुसती किमतीची पट्टी. घरपोच मागवावं तर स्लॉटच मिळत नाही. घरात आम्ही दोघं लॅपटॉपला चिकटलेले, मुलं दर तासाला फ्रिज उघडून उभी, आणि सासूबाई. त्यांचं परतीचं तिकीट २ एप्रिलचं होतं. भारतात २२ तारखेपासून बाहेरची प्रवासी विमानं उतरू देत नाहीत, म्हणजे आता मुक्काम इथेच. त्यांना दुपारी पोळी लागते. ब्रेड हे त्यांच्या लेखी आजारपणाचं खाणं.

कुणाला कुठे कणीक दिसली का? दहा किलोची पिशवी मिळाली तर निम्मी वाटून घेईन.

प्रेषक: स्लावचे भाऊ
२७ मार्च

वहिनी, आमच्या कोपऱ्यावरच्या पाकिस्तानी चाचांनी दहा किलोच्या पिशव्या फोडून दोन-दोन किलोच्या पुड्या बांधल्यात. घरटी एक. सकाळी आठच्या आत रांगेत, दोन-दोन मीटर सोडून. कुणी जास्त मागितली तर म्हणतात, "भाईजान, पीछे भी लोग हैं." भावही वाढवलेला नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण दुसऱ्या एका दुकानात तीच पिशवी जवळजवळ दुपटीने विकत होते.

तुमची पुडी घेऊन ठेवतो. शनिवारी तुमच्या बाजूच्या दोन आजोबांची औषधं पोहोचवायची आहेत, तेव्हा दारात ठेवून बेल वाजवीन. चहाला बोलावू नका.

प्रेषक: मिल्टन कीन्सच्या ताई
२८ मार्च

मी पिठाच्या धंद्यातच आहे (गिरणीचं नाव विचारू नका), म्हणून दोन शब्द. देशात पीठ कमी पडलेलं नाही. गहू आहे, गिरण्या चोवीस तास चालू आहेत. अडलंय ते पिशवीपाशी. या देशात दळलेल्या पिठापैकी दुकानातून घरी जातं ते जेमतेम ४ टक्के. बाकी सगळं बेकऱ्यांना आणि बिस्किटांच्या कारखान्यांना, टँकरमधून नाहीतर मोठ्या पोत्यांतून. दीड किलोची कागदी पिशवी भरणारी यंत्रं त्या ४ टक्क्यांच्या हिशेबानेच बसवलेली. ती रात्रंदिवस चालवून आठवड्याला सुमारे ४० लाख पिशव्या निघतायत, तरी त्या १५ टक्के घरांनाच पुरतात, तेही घरटी एक धरून. आणि सध्या अख्खा देश केक करतोय.

तेव्हा दीड किलोच्या मागे पळूच नका. हॉटेलं बंद असल्यामुळे कॅश-अँड-कॅरीवाल्यांकडे (घाऊक दुकानांत) १६ किलोची पोती पडून आहेत आणि बरेच जण आता सभासद-कार्डाशिवाय घरगुती गिऱ्हाइकाला देतायत. चार घरांत एक पोतं घ्या.

आता पोळीचं. ब्रेडचं स्ट्राँग पीठ मिळालं तर त्याची पोळी लाटताना मागे सरकते, खाताना चिवट लागते. त्यात निम्मा साधा मैदा घाला, कोमट पाण्यात सैल भिजवा, तेलाचा हात लावून तासभर झाकून ठेवा. आपल्या चक्कीच्या कणकेइतकी मऊ तरीही होणार नाही. चक्कीच्या दगडाखाली गव्हातला स्टार्च जास्त चेचला जातो, म्हणून ती कणीक पाणी भरपूर पिते आणि पोळी डब्यात दुपारपर्यंत मऊ राहते. इथल्या रोलरच्या गिरणीत तेवढा चेचला जात नाही. पाणी थोडं-थोडं घाला, घरच्या अंदाजाने ओतलंत तर लापशी होईल.

सेल्फ-रेझिंगची पोळी करू नका. त्यात बेकिंग पावडर असते. तव्यावर फुगते खरी, पण निवली की मोडते. त्याचे दही घालून भटुरे करा, नाहीतर नानकटाई. शंकरपाळेसुद्धा नकोत, खुसखुशीत व्हायच्या ऐवजी पावासारखे पोकळ होतात.

प्रेषक: हॅरोचे डॉक्टरकाका
२८ मार्च

सर्वांस आशीर्वाद.

मी १९६९ साली या देशात आलो तेव्हा पहिलं पोस्टिंग यॉर्कशरातल्या एका हॉस्पिटलात होतं. राहायची खोली हॉस्पिटलच्याच आवारात, एकच शेगडी, आणि कॉरिडॉरमध्ये फोडणीचा वास गेला की मेट्रन दार ठोठावायची. ऑलिव्ह तेल केमिस्टकडे मिळे, एवढ्याशा बाटलीत, कानात घालायला. हिंग घरून आलेला, औषधाच्या डबीत बंद. कोथिंबीर बघायला मिळाली ती लंडनला बदली झाल्यावर. हिने त्या काळात ब्राऊन ब्रेडच्या पिठाची पोळी केली आणि ती मी हूं की चूं न करता खाल्ली.

सांगायचं कारण, आत्ताची टंचाई दोन-चार आठवड्यांची आहे. घाबरून चार पोती भरून ठेवू नयेत. सत्तरीपुढच्यांनी इतरांशी संपर्क कटाक्षाने टाळावा असं सरकारने सांगितलंच आहे, ते सरकारचं नाही तर निदान माझं ऐकावं. गुरुवारी रात्री आठला आरोग्यसेवकांसाठी टाळ्या वाजवायला दारात आलात तर शेजाऱ्याच्या दारापर्यंत जाऊ नका.

मिल्टन कीन्सच्या ताईंचं पत्र फार आवडलं.

प्रेषक: चिटणीस
२९ मार्च

एक विनंती. "धन्यवाद", "+१" आणि हात जोडलेलं चित्र सगळ्यांना पाठवू नका. काल रात्रीत चाळीसेक आली. लिहायचं तर खाण्याबद्दल लिहा.

दुसरं. कॉव्हेंट्री, लीड्स आणि पूर्व लंडनमधले काही विद्यार्थी हॉस्टेलात अडकलेत. पार्टटाइम नोकऱ्या गेल्या, हॉस्टेल रिकामं झालंय. आपण शिधा पाठवतोय. शिजवलेलं नको, पोहोचेपर्यंत टिकत नाही आणि कुणाला काय चालत नाही हे आपल्याला माहीत नसतं. तांदूळ, तूरडाळ, पोहे, रवा, गोडा मसाला, लोणच्याची बाटली. ज्यांच्याकडे घरचा गोडा मसाला आहे त्यांनी शंभर ग्रॅम तरी द्यावा. विकतचा आहे माझ्याकडे, पण तो नुसताच धण्याचा लागतो.

प्रेषक: कॉव्हेंट्रीचा विद्यार्थी
३ एप्रिल

काका-काकू, शिधा मिळाला. थँक यू. (सॉरी चिटणीसकाकू, पुढे खाण्याबद्दलच आहे.) पोहे आज केले, लगदा झाला. आईला व्हिडिओ कॉल केला तर ती म्हणाली, भिजवले का होतेस? नुसते चाळणीत धुवायचे. आता डाळीचं विचारायचं होतं. कुकर नाही. एक पातेलं, एक इंडक्शन. तूरडाळ शिजतच नाही, तासभर झाला, दाणा तसाच.

प्रेषक: रीडिंगच्या वहिनी
३ एप्रिल

अरे, आधी दोन तास गरम पाण्यात भिजव. मग शिजवताना मीठ आणि चिंच-टोमॅटो शेवटी घाल, आंबट आधी पडलं की डाळ अडून बसते. तुमच्याकडचं पाणीही जड असणार, म्हणून अगदी चिमूट सोडा चालेल. घाईत असशील तर मसूर आण, वीस मिनिटांत गळते. वरणाचं नाव ठेव आणि खा.

हे सगळं सासूबाई मागून सांगतायत, मी टाइप करतेय. त्यांचा आणखी निरोप आहे, जसा सांगितला तसा लिहिते:

"कणकेसाठी एवढी रांग कशाला लावता? ज्वारीचं पीठ पडलंय तुमच्या दुकानात, कोणी घेत नाही म्हणून." हे खरं निघालं. भाऊ, तुमच्या चाचांकडे होतं ना? आणलं. पहिली भाकरी थापताना तुटली. सासूबाईंनी पीठ चिमटीत घेऊन पाहिलं आणि म्हणाल्या, विरी (पिठाचा चिकटपणा) गेलीय, कधीचं दळलेलं आहे कुणास ठाऊक. मग उकळतं पाणी ओतून, झाकून, उकड काढल्यासारखं मळलं, तेव्हा थापता आली. काठ किंचित फाटले, पण फुगली. त्या सोलापूरकडच्या. भाकरी फुगली नसती तर जेवल्या नसत्या.

आणि मटकीला मोड येत नाहीत म्हणणाऱ्यांसाठी: इथल्या घरात एप्रिलमध्ये ओट्यावर काही होणार नाही. गरम पाण्याच्या टाकीचं जे कपाट असतं, टॉवेल ठेवायचं, त्यात पुरचुंडी ठेवा. दहीही तिथेच लागतं. आमच्या टॉवेलांना सध्या मटकीचा वास येतोय.

प्रेषक: स्विंडनची गोंयकार
५ एप्रिल

मटकी झाली, मग मिसळ होणार, मग पाव कुठून आणणार? म्हणून लिहिते. मी मडगावची, स्विंडनला अर्धं गोवाच आहे, तरी हल्ली इथेही पाव मिळेना.

गोव्यात पोदेर (पाववाला) सायकलवर भोंगा वाजवत यायचा तो पाव पूर्वी माडाच्या सुरेवर, म्हणजे माडीवर, फुगायचा. यीस्टची पुडी नंतर आली. आता सूर काही स्विंडनला मिळत नाही, पण पुडी पुरवून वापरता येते. एका पुडीत ७ ग्रॅम असतं आणि पाकिटावर लिहितात की सगळं घाला. गरज नाही. अर्धा किलो स्ट्राँग पिठाला पाव चमचा यीस्ट, दीड चमचा मीठ, चमचाभर साखर, सव्वातीनशे मिली पाणी. रात्री मळून झाकून ओट्यावर ठेवायचं, सकाळपर्यंत दुप्पट होतं. घाई नाही तर यीस्टही कमी लागतं. दूध घालू नका, रात्रभर बाहेर राहणार आहे. मऊपणाला दुधाची पावडर आणि लोणी. सकाळी बारा गोळे करून ट्रेमध्ये एकमेकांना जवळजवळ टेकवून लावायचे, नाहीतर लादी होत नाही, सुटे बन होतात. परत फुगू द्या, मग २०० अंशांवर (गॅसचा ओव्हन असेल तर ६ नंबर) वीसेक मिनिटं. बाहेर काढल्याबरोबर लोणी फिरवून ओल्या फडक्याने झाका, वरचा पापुद्रा मऊ होतो.

यीस्ट अजिबातच नसेल तर पीठ-पाणी समभाग कालवून बरणीत ठेवा, रोज निम्मं काढून तेवढंच नवं घाला. आठवड्याभरात बुडबुडे येतील. काढलेलं टाकू नका, त्यात बेसन-कांदा घालून धिरडी होतात.

प्रेषक: स्लावचे भाऊ
६ एप्रिल

पाव झाला. मिसळही झाली. फरसाण संपल्यामुळे वर बटाट्याचे वेफर चुरले. कोल्हापूरकरांनी या मेलला उत्तर देऊ नये.

प्रेषक: चिटणीस
१९ एप्रिल

२६ तारखेला अक्षय तृतीया, आणि सगळ्यांचा एकच प्रश्न: हापूस येणार का?

व्यापाऱ्याशी बोलले. आपला आंबा एरवी बराचसा प्रवासी विमानांच्या पोटातून यायचा. ती विमानंच बंद, फक्त मालवाहू उरलीत, त्यामुळे भाडं भलतंच चढलंय. कोकणात फळ तयार आहे, पण तिथेही टाळेबंदी, मजूर नाहीत, मार्केट अर्धवट चालू. थोड्या पेट्या येतील, भाव दरवर्षीसारखा नसेल. ज्यांना परवडेल त्यांनीच नाव द्यावं, इतरांनी मनाला लावून घेऊ नये.

परवडत नसेल तर ८५० ग्रॅमचा हापूसच्या गराचा डबा सगळीकडे आहे. त्याचं आम्रखंड करा. ग्रीक-स्टाइल दही रात्रभर फडक्यात टांगा, त्यातूनही बरंच पाणी निघतं. डब्यात साखर आधीच असते, चव घेऊनच वर घाला.

प्रेषक: हॅरोचे डॉक्टरकाका
१९ एप्रिल

२०१४ च्या १ मेपासून युरोपने फळमाशीपायी हापूस बंद केला होता, पुढच्या वर्षी उठवला. त्या उन्हाळ्यात आम्ही दशहरी मिळेल का म्हणून फिरत होतो, तीही भारताचीच असल्यामुळे मिळाली नाही. शेवटी पाकिस्तानचा चौसा खाल्ला. उत्तम होता. जुलैपर्यंत थांबायची तयारी असेल तर यंदाही तो येईलच, लाज बाळगू नये.

प्रेषक: मिल्टन कीन्सच्या ताई
२० एप्रिल

काका, हे तुम्ही रत्नागिरीकरांसमोर बोलून दाखवा!

माझी एक पेटी. आमच्या घरी रस हाताने काढतात, मिक्सरमधून नाही, हे स्विंडनकरांनी वाचावं. मागच्या वर्षीच्या सहलीत त्यांनी काय केलं ते मी विसरलेले नाही.

प्रेषक: स्विंडनची गोंयकार
२० एप्रिल

आम्ही मानकुराद खातो, तुमच्या हापूसला मिक्सर पुरतो.

प्रेषक: स्लावचे भाऊ
२३ एप्रिल

पेट्या आल्या. निम्म्या कच्च्या आहेत, म्हणजे बरंच झालं. गवतासकट कागदात गुंडाळून उबेत ठेवा, फ्रिजमध्ये घालू नका. वास सुटला आणि देठाशी किंचित दबलं की कापा. शनिवारी दुपारी हॅरो, मग रीडिंग, मग मिल्टन कीन्स. दाराबाहेर खुर्ची ठेवा, पेटी खुर्चीवर ठेवीन. पैसे ऑनलाइन, रोख नको. कॉव्हेंट्रीच्या पोरांसाठी एक पेटी कोणीतरी भरलीय, नाव सांगू नका म्हणालेत.

प्रेषक: कॉव्हेंट्रीचा विद्यार्थी
२३ एप्रिल

भाऊ, इथे आम्ही सहा जण आहोत आणि एकाला आंब्याची ॲलर्जी आहे. त्याचा वाटा आम्ही खाल्ला तर चालेल ना?