ध्यानाला बसताना बोटं जुळवायलाच हवीत का?

सहजासन:
ध्यान शिकवणारे बरेच जण पहिल्याच दिवशी ज्ञानमुद्रा (अंगठा आणि तर्जनीची टोकं जुळवणं) करायला लावतात. का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: अंगठा अग्नी, तर्जनी वायू, मधलं बोट आकाश, अनामिका पृथ्वी, करंगळी जल, बोटं जुळली की तत्त्वांचा तोल साधतो. मला हे पटत नाही. पतंजली आसनाबद्दल 'स्थिरसुखमासनम्' म्हणून पुढे जातात, हातांचा उल्लेखही करत नाहीत. गीतेचा सहावा अध्याय धड, डोकं आणि मान सरळ ठेवायला सांगतो. बोटांबद्दल अवाक्षर नाही. हठयोगप्रदीपिकेतल्या दहा मुद्रा (महामुद्रा, खेचरी, विपरीतकरणी वगैरे) बघा, त्यात बोटांच्या जुळवाजुळवीची एकही नाही. मग नवशिक्याला त्यात कशाला अडकवायचं? हात मांडीवर सैल सोडावेत आणि श्वासाकडे लक्ष द्यावं.

अनुष्टुभ:
तुम्ही सोयीचे तेवढेच ग्रंथ घेतलेत. मंत्रसाधनेकडे बघा की. जपाआधी करन्यास करतात, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एकेका बोटावर मंत्राची स्थापना होते. गायत्रीजपापूर्वी २४ मुद्रा दाखवायचा विधी आहे. दक्षिणामूर्ती, म्हणजे गुरुरूपातला शिव, तर मौनातच शिकवतो, तर्जनी अंगठ्याला जुळवून, म्हणजे चिन्मुद्रेनं. तर्जनी म्हणजे जीव, अंगठा म्हणजे ब्रह्म, आणि बाजूला राहिलेली तीन बोटं म्हणजे तीन गुण. हा अर्थ मनात धरून बसणाऱ्याची मुद्रा हा शरीरानं केलेला संकल्प असतो. अर्थ ठाऊक नसताना बोटं जुळवली तर काही हाती लागणार नाही, हे मान्य. पण मग अर्थ शिकवा ना, मुद्रा कशाला काढून टाकता?

निवांत:
मी झेन या बौद्ध ध्यानपद्धतीनं बसते. तिथे उजव्या तळव्यावर डावा तळवा, दोन्ही अंगठ्यांची टोकं जेमतेम टेकलेली. पेंग यायला लागली की अंगठे ढासळतात, मन ताणलं गेलं की एकमेकांवर दाबून वर उचलले जातात. आपण भरकटलोय हे मनाला कळायच्या आधी हातांना कळतं. मेंदूत स्पर्शाची नोंद घेणाऱ्या भागात बोटांचा वाटा अख्ख्या पाठीपेक्षा कितीतरी मोठा असतो, तेव्हा यात नवल नाही. सहजासन, हात सैल सोडले तर ही खूण तुम्ही गमावता.

सहजासन:
निवांत, हे पटलं. पण ही लक्ष ठेवायची युक्ती झाली, पंचतत्त्वांचा इथे संबंध येत नाही. आणि ज्यांची बोटं संधिवातानं आखडली आहेत त्यांचं ध्यान अपुरं समजायचं का?

अनुष्टुभ:
असं कोणी म्हटलं? ज्याला जमत नाही त्यानं मनात करावी.

साधा_माणूस:
तुमचा वाद चालू द्या, पण एक गोष्ट स्पष्ट बोलायलाच हवी. हृदयविकाराचा झटका आला तर अपानवायू मुद्रा करा, लगेच आराम पडतो, असे संदेश सर्रास फिरतात. कृपा करून ते पुढे पाठवू नका. छातीत दुखायला लागलं तर आधी रुग्णवाहिका बोलवा. त्या वेळी वाया गेलेलं एकेक मिनिट हृदयाच्या स्नायूला भोवतं.

अनुष्टुभ:
शंभर टक्के सहमत. साधनेचं औषध केलं की दोन्हींचं नुकसान होतं. पण सहजासन, गीतेत हात नाहीत म्हणालात ना? त्याच श्लोकांवर विस्तार करताना ज्ञानेश्वर महाराज हातांना विसरलेले नाहीत. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात ते सांगतात की करसंपुट (एकत्र ठेवलेले तळवे) आपोआप डाव्या पायावर येऊन बसतं.

सहजासन:
'आपोआप' बसतं! मीही तेच म्हणतोय. आसन साधलं की हात आपली जागा शोधतात, ते शिकवणाऱ्यानं बसवायचे नसतात.

निवांत:
ते आसन साधलेल्याचं वर्णन आहे, सहजासन. पहिल्या दिवशी बसणाऱ्याचे हात आपोआप खाजवायला जातात. त्याला काहीतरी धरायला द्यावंच लागतं.