सहा खेळाडू आणि एक पंच: हा तक्ता फाडून टाकायचा का?

उंबरठा:
तत्त्वज्ञानात एमएला असताना आम्हाला फळ्यावर एक तक्ता काढून दिलेला. डावीकडे देकार्त, स्पिनोझा, लायब्निझ म्हणजे बुद्धिवादी (खरं ज्ञान बुद्धीतून येतं म्हणणारे), उजवीकडे लॉक, बर्कली, ह्यूम म्हणजे अनुभववादी (ते इंद्रियांच्या अनुभवातून येतं म्हणणारे), आणि खाली मधोमध कांट, सगळ्यांचं भांडण मिटवणारा. मार्कही मिळाले त्यावर. आता इतक्या वर्षांनी मूळ पुस्तकं वाचायला घेतली तर वाटतंय, गंडवलं राव आपल्याला. हा 'बुद्धिवादी' देकार्त ॲमस्टरडॅमला एक अख्खा हिवाळा जवळपास रोज खाटकाकडे जायचा, जनावरांचे अवयव घरी आणून चिरून बघायचा. आणि 'अनुभववादी' लॉक म्हणतो देव आहे हे गणिताइतकं पक्कं सिद्ध करता येतं! माझं मत: तक्ता फाडा, यांची एकमेकांशी झालेली भांडणं वाचा. देकार्तने १६४१ साली 'मेडिटेशन्स' छापलं तेच मुळी हॉब्ज, गासेंदी वगैरे त्याच्या काळातल्या विचारवंतांचे आक्षेप आणि स्वतःची उत्तरं जोडून.

खडूस मास्तर:
साफ असहमत. मी हे शिकवतो म्हणून सांगतो, पोरांच्या हातात थेट स्पिनोझाचं 'एथिक्स' दिलं की व्याख्या, गृहीतकं, प्रमेयं बघून दुसऱ्या पानावर पोरं गायब. तक्ता ही परांची आहे, बांधकाम झालं की उतरवा ना, कोण नको म्हणतंय. आणि भांडण काय नंतरच्या लोकांनी रचलेलं नाहीये. लायब्निझने लॉकच्या ग्रंथाला प्रकरणागणिक उत्तर लिहिलं, संवादाच्या रूपात, पण १७०४ ला लॉक वारला म्हणून ते बाजूला ठेवलं, छापलं गेलं थेट १७६५ साली. लॉकचं म्हणणं जन्मतः मन कोरं. लायब्निझ म्हणतो, बुद्धीत जे आहे ते सगळं इंद्रियांतून आलेलं, मान्य, फक्त बुद्धी स्वतः सोडून. एवढ्या एका 'सोडून'वर माझे दोन तास जातात.

तिरपागडा:
मास्तर, भांडण होतं हो, पण टीम कुणी पाडल्या? १७८१ च्या 'शुद्ध बुद्धीच्या चिकित्से'च्या शेवटच्या प्रकरणात कांटच सांगतो की लॉक ॲरिस्टॉटलच्या, म्हणजे अनुभववाद्यांच्या, मागे गेला आणि लायब्निझ प्लेटोच्या, म्हणजे दुसऱ्या बाजूच्या. म्हणजे पंचानेच टीम पाडल्या आणि पंचानेच मॅच निकाली काढली, वा!

भाकरतुकडा:
तुमचं सगळं देकार्तपासूनच का सुरू होतं पण? ज्ञान कुठून येतं, त्याची खात्री काय, हा प्रश्न रेनेसान्सपासूनचा आहे ना. (आपल्याकडे रेनेसान्सलाही प्रबोधन आणि एन्लायटनमेंटलाही प्रबोधन, त्यामुळे मधली तीनशे वर्षं कुठे जातात कळतच नाही.) १५६२ ला सेक्स्टस एम्पिरिकस या प्राचीन ग्रीक संशयवाद्याचं लॅटिन भाषांतर छापून आलं, ते वाचून माँतेन या फ्रेंच लेखकाने 'मला काय माहीत आहे?' हे स्वतःचं ब्रीदच करून टाकलं. हे माहीत नसेल तर देकार्तची सगळ्यावर संशय घ्यायची पद्धत आभाळातून पडल्यासारखी वाटते.

शाईची_दौत:
उंबरठा, +१, आणि तक्त्यात जिला जागाच नाही ती सांगते. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ, वय २४. मे १६४३ मधे देकार्तला पत्र लिहून विचारते, आत्म्याला आकारमान नाही, तो कशाला टेकत नाही, मग शरीराला हलवतो कसा? त्यावर हे महाशय वजनाचा दाखला देतात (वजन वस्तूला न टेकताच खाली नेतं ना, तसं), तिला पटत नाही. मग सांगतात की निव्वळ बुद्धीने करायच्या चिंतनाला मी वर्षातले मोजकेच तास देतो. आणि ती बिचारी त्याच्या आधीच लिहून बसलेली, घराण्याचे व्यवहार आणि लोकांचं येणं-जाणं यातून मला वेळ कुठे मिळतो! तरी १ जुलैला परत तोच प्रश्न. मला तर अख्ख्या मन-शरीर प्रकरणात ही पत्रंच सगळ्यात सोपी वाटली.

खडूस मास्तर:
'सोपी' कुणाला, तुम्हाला. तुमच्या डोक्यात तक्ता आधीच आहे, म्हणून ती कुठे टोचतेय ते दिसतं.

उंबरठा:
बरं, मग उलटं करून बघा की, आधी पत्र, मग तक्ता.

खडूस मास्तर:
पोर्शन कोण संपवणार, तुम्ही? असो. सोमवारी एलिझाबेथच्या पहिल्या पत्राच्या झेरॉक्स वाटतो, एकच पान. तक्ता मात्र फळ्यावर राहणार, पुसू देणार नाही.