मुशीसाठी (शार्कसाठी) ब्रेड की तंगूस?

अण्णा, उजनी धरणात मरळ धरायला ब्रेड (बारीक धाग्यांचा विणलेला दोर) भारी, हे शंभर टक्के मान्य. पण त्यावरून 'कोकणात मुशीसाठीही रिळावर नुसता ब्रेडच भरा' असं वर लिहिलंत, ते पटलं नाही.

मुशीच्या अंगावरून शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवला तर पॉलिश पेपरवर फिरवल्यासारखं लागतं. बारीक दातेरी खवले असतात ते. ताणलेला ब्रेड त्यावर किंवा खडकावर घासला की त्याचे बारीक धागे भराभर तुटतात. जाड तंगूस (नायलॉनचा एकसंध दोर) तिथं जास्त वेळ तग धरतं. शिवाय ते ताणलं जातं, त्यामुळं माशाचा अचानक हिसका बसला तरी गळ सहसा निसटत नाही.

ब्रेडचा खरा फायदा रिळात आहे. तेवढ्याच ताकदीला तो फार बारीक असतो, म्हणून लांब पळणाऱ्या माशासाठी भरपूर दोर मावतो. म्हणून माझं मत: आत ब्रेड, त्यापुढं पन्नास-शंभर मीटर जाड तंगूस, मग आणखी जाड तंगसाचा लीडर (टोकाचा मजबूत तुकडा) आणि गळाजवळ स्टीलची तार. मुशीचे दात तारेवर घासतील, अंग लीडरवर. ब्रेडच्या तळाशी थोडं तंगूस गुंडाळा, नाहीतर सगळा ब्रेड स्पूलवर (रिळात दोर गुंडाळायच्या फिरकीवर) गरगर फिरतो. आणि पळता ब्रेड उघड्या हातानं धरू नका, बोट कापतं!

आपल्या सोलापूरच्या उन्हात नायलॉन कमजोर होतं. खिडकीत पडलेलं जुनं तंगूस मुशीला वापरू नका, नवीन भरा.

काही जातीच्या मुशी कायद्यानं संरक्षित आहेत. तशी लागली तर पाण्यातच, गळाजवळ तार कापून सोडा.