मदत हवी आहे : तंजावरात एक दिवस, पूर्वजांच्या शोधात

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात कामासाठी त्रिचीला जातोय, त्यातला एक दिवस तंजावरसाठी राखलाय. आमचे पूर्वज तंजावरचे मराठे राजे सरफोजी यांच्या दरबारी कारकून होते, असं आजी सांगायची. पुरावा म्हणाल तर एकच मोडी कागद, तोही वाळवीने अर्धा खाल्लेला. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवरचा १८०३चा भोसले घराण्याचा मराठी शिलालेख बघणारच आहे, पण खरी ओढ सरस्वती महाल ग्रंथालयातल्या मोडी कागदांची. बाहेरच्या माणसाला ते बघू देतात का? आधी पत्र पाठवावं लागतं का? दरबारी नोकरांच्या नोंदी कुणी चाळल्यात? तिथे मोडी वाचून देणारं कुणी भेटेल का? माझं मोडी 'श्री'च्या पुढे सरकत नाही, आणि तमिळ तर त्याहून कच्चं.