मराठेशाहीला सरंजामशाही म्हणायचं की नाही?

कोथरूडकर: एमएचा प्रोजेक्ट लिहितोय, पेशवाईतला पुणे प्रांत. मी सगळीकडे ‘सरंजामशाही व्यवस्था’ लिहिलं तर सरांनी दरवेळी लाल गोल करून बाजूला ‘कुठली?’ एवढंच लिहिलंय. अहो फ्यूडलिझमला, म्हणजे युरोपातल्या त्या मध्ययुगीन सरदार-जमीनदारी व्यवस्थेला, मराठीत सरंजामशाहीच म्हणतात ना, पेपरात भाषणात सगळीकडे, मग अडलं कुठं?

बखरवेडा: सर बरोबर आहेत. सरंजाम म्हणजे फौज बाळगायला सरदाराला तोडून दिलेला महसूल, जमिनीची मालकी नव्हे, सरकार काढूनही घेऊ शकतं, निदान कागदावर तरी. शिवाजी महाराज रोख पगाराच्या बाजूचे, हे प्रकरण वाढलं राजाराम महाराजांच्या धामधुमीत आणि पुढे शिंदे होळकरांकडे ते पिढीजातच झालं. पण पाटलाचं वतन, म्हणजे कामाबरोबर आलेला पिढीजात हक्क, वेगळं, देवस्थानाचं इनाम, म्हणजे दान दिलेली जमीन, वेगळं, ते पण तू सरंजामशाहीतच कोंबतोयस. आणि शेतकरी बघ की, मिरासदार, म्हणजे जमिनीवर पिढीजात हक्क असलेला, सारा भरतोय तोवर जमीन त्याची, उपरी, म्हणजे असा हक्क नसलेला बाहेरचा कसणारा, तर सरळ दुसऱ्या गावी जाऊन कसायचा. युरोपातला सर्फ, म्हणजे भूदास शेतकरी, जमिनीला बांधलेला, त्याला कुठली ही सोय!

पेठेतला: युरोपचा इतिहास लिहिणाऱ्यांचं तरी फ्यूडलिझमवर कुठे एकमत आहे. एलिझाबेथ ब्राऊनबाईंनी 1974 मध्येच म्हणलं की ही संकल्पनाच टाकून द्या, 1994 ला सुझन रेनॉल्ड्सनी उरलीसुरली चिरफाड केली. आपल्याकडे इतिहासकार रामशरण शर्मांनी 1965 मध्ये भारतीय सरंजामशाही मांडली, तिचा आधार ताम्रपटातली भूमिदानं, कारण त्यात महसूलच नाही तर दंड वसुलीचे हक्कपण देऊन टाकलेले दिसतात. त्यावर दुसरे इतिहासकार हरबन्स मुखियांनी विचारलं, इथे फ्यूडलिझम होता तरी का? तरी मला शब्द हद्दपार करणं पटत नाही, तुलना करायला काहीतरी सामाईक शब्द लागतोच.

कोथरूडकर: मग ‘सामंतशाही’ चालेल?

बखरवेडा: नको रे बाबा, आगीतून फुफाट्यात. सामंत म्हणजे आधी शेजारचा राजा, मग मांडलिक. राष्ट्रकूटांवर लिहीत असतास तर ठीक होतं. तू सरंजाम, वतन, इनाम, मिरास असं जे कागदात आहे तेच लिही, पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत अर्थ दे. फ्यूडलिझमचा वाद प्रस्तावनेत एका पानात उरक, ब्राऊन मुखिया सगळे तिथेच. पेशवे दफ्तर, म्हणजे पेशवाईतल्या कागदांचा संग्रह, पुण्यातच आहे, एखादं सरंजामाचं प्रकरण मूळातून काढलंस तर सर खूश होतील. त्या कागदांची मोडी लिपी येते ना?

कोथरूडकर: अडखळत.